बाई, कायदा कधीपर्यंतचा बघितला?

वकिलांच्या लायब्ररीत एकतीस वर्षं काढली की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त जमा होतात. पुस्तकाला रजिस्टर असतं, नंबर असतो, वाळवी लागली तर नोंद खोडता येते. किस्सा एकदा येऊन बसला की उठायचं नाव घेत नाही!

मी मूळची अहमदपूरची. वडील तिथंच शाळेत मास्तर. ग्रंथालयाचा कोर्स केला आणि लातूरला कोर्टाच्या आवारात वकिलांच्या लायब्ररीत लागले. त्यानंतर तिथं मला नावानं कुणी हाक मारली नाही. सगळ्यांची मी 'बाई'. काम एकच, वकिलांना कायदा शोधून द्यायचा. आधी कपाटातून, मग सीडीवरून, मग नेटवरून.

"त्यात काय एवढं? कायदा पुस्तकातच असतो की!" असं आमच्या घरचेच म्हणायचे. अहो, पुस्तकात असतो तो पुस्तक छापलं त्या दिवशीचा कायदा. त्यानंतर त्यातलं काय गेलं आणि काय नवीन आलं, ते कोण सांगणार? तेवढ्यासाठीच तर मी होते. आणि तिथंच मी चुकले. पण ते पुढं येईल.

*

मी लागले त्या पहिल्याच महिन्यात एक नवा वकील घाईघाईत आला. जाडसर पुस्तक मागितलं, एक कलम उतरवून घेतलं आणि कोर्टात पळाला. तिथं त्यानं त्या कलमावर पाव तास भाषण ठोकलं. न्यायाधीशसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं वकीलसाहेब?"

"हो साहेब."

"तुम्ही ज्या कलमावर बोललात, ते वारून चार वर्षं झाली. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

अख्खं कोर्ट हसलं! बाररूममध्ये चहाबरोबर हा किस्सा दिवसभर फिरला. ज्याला त्याला हसू आवरेना.

एक माणूस तेवढा हसला नाही. बिराजदार वकील. पस्तिशीचे, किरकोळ अंगाचे, कपाळावर विभूतीची बोटं. किल्लारीच्या पुढं त्यांचं खेडं. रोज जीपनं नाहीतर एसटीनं येऊन-जाऊन करायचे. त्यांनी ते पुस्तक हातात घेतलं, छापल्याचं साल बघितलं आणि माझ्याकडं वळले.

"बाई, हे पुस्तक तुम्ही दिलं?"

"हाव."

"कधीपर्यंतचा बघितला?"

मला प्रश्नच कळला नाही.

"कायदा सांगायचा म्हंजी तीन गोष्टी सांगायच्या," ते म्हणाले. "एक, नाव अन् साल. दोन, कलम. तीन, तुम्ही तो कधीपर्यंतचा बघितला. तिसरी न्हाई सांगितली तर पहिल्या दोन वाया."

*

आता भूकंपाचं सांगते.

तेव्हा कायद्यात दुरुस्ती झाली की तिची छापील पत्रकं यायची. ती कापून त्या त्या पानावर गोंदानं चिकटवायची, हे माझं काम. आम्ही त्याला चिठ्ठ्या म्हणायचो. मी नवी होते, कामाचा उरक नव्हता. ड्रॉवरमध्ये न चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पडून होता. आज करू, उद्या करू.

गणपती विसर्जनाचा दिवस होता. दुपारी बिराजदार साहेब आले. एका भाडेकरूला घरमालक घरातून काढायला निघाला होता, साहेब भाडेकरूच्या बाजूनं उभे होते आणि केस दुसऱ्या दिवशी होती. मराठवाड्याला त्या वेळी हैदराबादचा जुना घरभाडे कायदा लागू होता.

"बाई, ह्याच्यात एक दुरुस्ती झाली हाय, मला पक्कं ठाऊक हाय. पान दाखवा."

पान काढलं. पानावर चिठ्ठी नव्हती. आम्ही तीन कपाटं उपसली, जुनी गॅझेटं उलटीपालटी केली. ड्रॉवरमधला गठ्ठा मला आठवलाच नाही. साहेब मधूनमधून घड्याळाकडं बघत होते.

"पोरगी थांबली आसंल," ते म्हणाले. "मी आल्याबिगर गणपती उचलू देत न्हाई ती."

त्यांची गौरी. पाच वर्षांची होती.

संध्याकाळी लायब्ररी बंद करायची वेळ झाली तरी चिठ्ठी सापडली नाही. तोवर मिरवणुकांमुळं रस्ते अडले होते आणि किल्लारीकडं जाणारी शेवटची जीप निघून गेली होती. साहेब म्हणाले, "इथंच दोस्ताच्या खोलीवर राहतो. सकाळी लवकर येतो, पुन्हा बघू."

सकाळ व्हायच्या आत जमीन हलली. लातुरात आम्ही सगळे घाबरून रस्त्यावर आलो. किल्लारीकडं काय झालं ते उजाडल्यावर कळायला लागलं. साहेबांचं घर दगडमातीचं, जाड भिंतींचं. आत त्यांची बायको आणि गौरी होत्या. दोघीही गेल्या.

लायब्ररी उघडली त्या दिवशी मी ड्रॉवर ओढला. ती चिठ्ठी गठ्ठ्यात वरून तिसरी होती.

मी ड्रॉवर तसाच लोटला. पुढं महिना-दीड महिना त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. मग एका सकाळी कुणीतरी सांगितलं, बिराजदार आज कोर्टात येणार आहेत. मी धावत जाऊन पुस्तक काढलं आणि गोंद लावून चिठ्ठी पानावर चिकटवली.

ते आले. अंगात दुसऱ्या कुणाचा तरी काळा कोट होता, बाह्या आखूड होत होत्या. टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, ती दुरुस्ती सापडली का? त्या केसला तारीख मिळाली हाय."

मी पुस्तक पुढं केलं. त्यांनी पान उघडलं, ओळींवरून बोट फिरवलं. बोट चिकटलं. त्यांनी बोटाकडं बघितलं, खिशातून रुमाल काढून पुसलं, कलम उतरवून घेतलं आणि निघून गेले.

ती केस ते जिंकले. भाडेकरूनं पेढे आणून दिले. साहेबांनी तो पुडा न उघडता माझ्या टेबलावर ठेवला. मी त्यातला एकही खाल्ला नाही.

कोपऱ्यात आमचे कुद्दूसचाचा पुस्तकांचं बाइंडिंग करत बसलेले असायचे. त्यांच्या वडिलांपासून लातुरात हाच धंदा. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्या दिवशी जाताना माझ्यापाशी थांबले.

"बेटा, चिठ्ठी मिल जाती तो वो बी घरकू जाता ना. वो बी जाता."

हे वाक्य मी आजपर्यंत उलटून-पालटून बघते आहे. चाचांनी मला धीर दिला की काय दिलं, मला अजून सांगता येत नाही.

*

भूकंपानंतर कायद्यापेक्षा जीआरची मागणी जास्त. पत्र्याच्या शेडमधून माणसं यायची आणि विचारायची, "आमचा जीआर निघला का?" जसं काही एसटीच निघते!

सुंदराबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. नवरा आधीच गेलेला, मुलापासून चूल वेगळी. पण घरांच्या यादीत मुलाच्या नावावर दोघांचं मिळून एकच घर लागलं. सून म्हणाली, आमच्यात जागा नाही. बिराजदार साहेबांनी पेपरात वाचलं होतं की वेगळ्या राहणाऱ्या विधवेला वेगळं घर द्यावं असा शासन निर्णय निघालाय. पण ऑफिसात म्हणायचे, "असा जीआरच नाही. असला तर दाखवा."

कुठून दाखवणार? नेट नव्हतं. मुंबईला पत्रं लिहिली. शेवटी मंत्रालयातल्या एका ओळखीच्या माणसानं जीआर फॅक्स केला. साहेबांनी तो घडी करून खिशात ठेवला, उन्हातान्हात हिंडले, आणि पंधरा-वीस दिवसांनी साहेबलोकांसमोर कागद उघडला.

अधिकारी म्हणाले, "अहो वकीलसाहेब, हा तर कोरा आहे!"

फॅक्सचा तो गुळगुळीत कागद. उन्हानं सगळी अक्षरं उडून गेली होती. साहेबांनी त्या कोऱ्या कागदाकडं बघत जीआरचा विभाग, नंबर आणि तारीख तोंडपाठ सांगितली. अधिकारी चाट पडले. त्यांनी स्वतः मुंबईला फोन लावला. जीआर होता!

सुंदराबाईंना घर मिळालं. दोन-तीन महिन्यांनी साहेब तिकडून जाताना बघायला गेले, तर म्हातारी अंगणात बाज टाकून बसलेली. थंडीचे दिवस. भांडी, गोधड्या, देव, सगळं बाहेर.

"आज्जी, घर आवडलं न्हाई का?"

"लई चांगलं हाय की रं बाबा. पर त्याला वरून छत हाय."

*

पुढं लातूर बदललं. कोर्टाच्या भोवतीनं कोचिंगच्या पाट्या लागल्या. पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो छपराएवढे झाले. जिकडं-तिकडं हॉस्टेलं, मेस, झेरॉक्स, नेटकॅफे. आणि एक दिवस आमच्याकडं पुण्याहून कंपनीचा माणूस आला, टाय लावून, लॅपटॉप घेऊन. सगळे कायदे म्हणे ह्या डब्यात!

"सर, कुठलाही कायदा सांगा! सेकंदात काढून दाखवतो!"

बाररूम भरलेली. एकजण ओरडला, "बायकोला गप करायचा कायदा काढा!" हशा पिकला.

मागच्या बाकावरून बिराजदार साहेब म्हणाले, "हैदराबादचा घरभाडे कायदा. दुरुस्तीसकट."

मी होते तिथं उठून उभी राहिले.

"सर, तो तर रद्द झालाय. आता राज्याचा नवा कायदा आहे."

"ठाऊक हाय. काढा."

त्यानं टाइप केलं. कायदा आला. त्यानं खाली-वर केलं, आणि ती दुरुस्ती पडद्यावर आली, निळ्या अक्षरांत, खाली तळटिपेसकट.

"बघा सर! अकरा सेकंद!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अकरा?" साहेबांनी विचारलं.

"अकरा, सर! आमच्या नव्या व्हर्जनमध्ये तर याच्याही निम्मे लागतील!"

साहेब उठले. "बाई, लायब्ररीसाठी हे घेऊन टाका," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी मागोमाग गेले. ते लिंबाखालच्या माठापाशी उभे होते. हातात पाण्याचा ग्लास होता, पण पीत नव्हते. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते मी एका दमात बोलून टाकलं.

"साहेब, ती चिठ्ठी तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी चिकटवली नव्हती."

त्यांनी ग्लासातलं पाणी सावकाश झाडाच्या बुडाशी ओतलं.

"गोंद ओला हुता, बाई."

तेवढ्यात त्यांच्या केसचा पुकारा झाला आणि ते कोर्टात गेले. या विषयावर आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो आणि त्यानंतरही कधी बोललो नाही.

*

कॉम्प्युटर आल्यावर साहेब रोज चार वाजता माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. एका बोटानं टाइप करायचे. दुसरं लग्न केलं नव्हतं, घरी जायची घाई नव्हती. पडद्यावर कायदा आला की पहिला प्रश्न तोच, "बाई, कधीपर्यंतचा?"

मग त्यांना साइटवरच्या चुका सापडायला लागल्या. एखादं कलम रद्द झालेलं असायचं, पण साइटवर तसंच राहिलेलं असायचं. कधी केंद्राच्या कायद्याखाली आपल्या राज्याची दुरुस्तीच दिलेली नसायची. साहेब लगेच माझ्याकडून कंपनीला मेल करून घ्यायचे. "आपल्या साइटवर अमुक कायद्याचं अमुक कलम अद्याप चालू दाखवलं आहे. ते रद्द झालं आहे. लोक फसतील. कृपया दुरुस्त करावे."

दर आठवड्याला एक-दोन मेल! शेवटी कंपनीतून एका बाईंचा फोन आला. अतिशय अदबीनं बोलत होत्या.

"सर, तुमच्यामुळं आमच्या कितीतरी चुका सुधारल्या. आमचे साहेब विचारत होते, आपण कोणत्या युनिव्हर्सिटीत शिकवता?"

"मी न्हाई शिकवत," साहेब म्हणाले. "मी किल्लारीचा."



*

कुद्दूसचाचांचा किस्सा राहिलाच.

नांदेडहून एका वकिलांचा फोन आला. विहिरीच्या पाण्याचं भांडण होतं आणि निजामाच्या काळातला एक नियम हवा होता. आमच्याकडं तेव्हाची उर्दू गॅझेटं होती. कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून कुणी नेली नव्हती आणि म्हणूनच ती शाबूत राहिली होती!

मी म्हटलं, आधी कॉम्प्युटरवर बघू. नियम होता तेराशे चाळीस सालचा. फसली सन, निजामाची कालगणना. मी साल टाकलं, १३४०. पडद्यावर लाल अक्षरात आलं, साल चुकीचं आहे. इनव्हॅलिड इयर.

चाचांना वाचून दाखवलं, तर ते हातातली सुई खाली ठेवून खदखदा हसले.

"अरे बेटा! मैं तेराशे पंचेचाळीस का पैदाइश! मैं बी इनव्हॅलिड?"

मग त्यांनी गॅझेट मांडीवर घेऊन नियम वाचला, मी मराठीत उतरवून घेतला. खाली संदर्भ काय द्यायचा? गॅझेटचं साल, भाग, पान सगळं लिहिलं. चाचा म्हणाले, "पढनेवाले का नाम बी लिखो." मी लिहिलं. नांदेडच्या वकिलांनी केस जिंकल्यावर चाचांसाठी शाल पाठवली. ती त्यांनी भर उन्हाळ्यात आठ दिवस पांघरली!

चार-पाच वर्षांनी चाचा गेले. दृष्टी आधीच गेली होती, तरी शेवटपर्यंत हातानं चाचपत शिवण घालत होते. चाळिसाव्या दिवसानंतर त्यांची मुलगी रुखसाना माझ्याकडं आली. ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, बापाची जन्मतारीख हवी होती. घरात एकच कागद निघाला, शाळेचा, उर्दूतला. त्यावर साल होतं तेराशे पंचेचाळीस.

"दीदी, कॉम्प्युटर लेताच नहीं," ती म्हणाली. "तीन बार डाली. हर बार लाल आता."

फसली सनात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. हे मला चाचांनीच शिकवलं होतं. मी पाचशे नव्वद मिळवले. फॉर्म गेला.

आता नांदेडहून फोन आला की मी सांगते, गॅझेट आहे. पण वाचणारं कुणी नाही.

*

कोरोनानं कोचिंग बंद पडलं, पोरं गावी गेली आणि मेस चालवणाऱ्या बायका रिकाम्या बसल्या. त्यातल्या शांताबाई. पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या मेसमध्ये पोळ्या लाटून खांदे गेलेले. एक दिवस त्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेली नेटवरची पानं घेऊन आल्या. कायदाच होता. असल्या कामगार बायकांना म्हातारपणी आधार मिळेल, असं त्यात लिहिलेलं.

"सायेब, हे बगा. छापून आलंय. मला कुठं अर्ज द्यायचा तेवढं सांगा."

बिराजदार साहेबांनी पानं वाचली. मला म्हणाले, "बाई, लागू झाल्याची अधिसूचना बघा." मी बघितली. नव्हती. पुन्हा बघितली. तरी नव्हती.

"शांताबाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "कायदा पास झालाय. सही पण झाली हाय. पर लागू कधीपासून, ती तारीख सरकारनं अजून काढली न्हाई."

शांताबाईंनी जरा विचार केला.

"मंजी साखरपुडा झालाय अन् लग्नाची तारीख धरली न्हाई?"

"हाव. तसंच."

"मग पोरगी म्हातारी झाली की, सायेब!"

आम्ही तिघंही हसलो. त्या जास्त हसल्या. हसता हसता त्यांनी पानं गोळा केली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मी मधूनमधून येऊन इचारत जाईन." त्या महिना-दोन महिन्यांनी यायच्या. दारातूनच विचारायच्या, "धरली का तारीख?" मी नकारार्थी मान हलवायचे. मग यायच्या थांबल्या. का, ते विचारायला मी गेले नाही.

*

आता शेवटचा. फौजदारीचे नवे कायदे आले त्या वर्षीचा.

सगळ्या वकिलांची धांदल उडाली होती. जन्मभर पाठ केलेले कलमांचे नंबर एका दिवसात बदलले. जो तो येऊन विचारायचा, "बाई, जुन्या अमुकचं नवं काय?" मी भिंतीवर तक्ता लावला होता, एका बाजूला जुने नंबर, दुसऱ्या बाजूला नवे. बिराजदार साहेब सत्तरीकडं झुकले होते. कोर्टात फार उभे राहत नसत, पण चार वाजता यायचेच.

एक दिवस नायगावहून एक गृहस्थ आले. गंगाधर टेलर. शाळेचे ड्रेस शिवायचे. शर्टाच्या खिशात माप घ्यायची टेप तशीच राहिली होती. त्यांची मुलगी पूजा लातूरला कोचिंगला होती, मेडिकलसाठी. नवे कायदे यायच्या सहा-सात महिने आधी ती हॉस्टेलच्या जिन्यावरून पडून गेली. पडून गेली असं पोलिसांच्या कागदात होतं.

कुणीतरी त्यांना आमच्याकडं पाठवलं होतं. त्यांनी पिशवीतून तो कागद काढला. पॉलिथिनमध्ये घातलेला. त्यावर लिहिलेलं, आकस्मिक मृत्यू, कलम १७४ प्रमाणे. कायद्याचं नाव नव्हतंच, नुसता नंबर.

"म्याडम, म्या मोबाइलवर टाकून बगितलं," ते म्हणाले. "हे कलम काय हाय ते कळावं मनून. तर हे आलं."

मोबाइल माझ्या हातात दिला. पडद्यावर १७४ कलम होतं. नव्या कायद्यातलं. अदखलपात्र प्रकरणांचं.

"अदखलपात्र," त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "मंजी दखल घ्यायजोगं न्हाई, आसंच ना? तिच्या आईनं मला इचारलं, काय लिवलंय. मला सांगता आलं न्हाई. म्या आठ दिवस झालं दुकान उघडलं न्हाई. सायेब, आमच्या पोरीचं मरण अदखलपात्र हाय का?"

बिराजदार साहेब खुर्चीतून उठले, आणि माझ्या हातातला मोबाइल घेऊन त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "हे तिचं न्हाईच. हा नंबर तोच हाय, पर कायदा दुसरा. बसा. बाई, जुना काढा."

मी पडद्यावर जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता काढली. तिच्यातलं १७४. अपघातानं, अचानक कुणी गेलं तर पोलिसांनी जागेवर जायचं, पंचांसमक्ष बघायचं, कारण शोधायचं, लिहून ठेवायचं. साहेबांनी ते सगळं त्यांना वाचून दाखवलं. एकेक ओळ, थांबून थांबून. टेलरमास्तर पुढं वाकून ऐकत होते.

"मंजी ह्याच्यात दखल घ्यायचीच हाय?"

"घ्यायचीच. कायद्यानंच सांगितलंय."

"अन् हे वर लाल अक्षरात काय लिवलंय?"

मी साहेबांकडं बघितलं.

"निरसित," साहेब म्हणाले. "रद्द झालाय तो कायदा."

"रद्द?"

"पुढच्यांसाठी. जे आधी घडलं त्याला जुनाच चालतो. नव्या कायद्यातच तसं लिहून ठेवलंय. दाखवतो." त्यांनी स्वतः माउस हातात घेतला आणि ते कलम काढून दाखवलं.

टेलरमास्तरांनी तेही वाचलं. मग भिंतीवरच्या तक्त्याकडं बघितलं.

"मंजी आता जे कुणी जातेल त्यांला?"

"त्यांना एकशे चौऱ्याण्णव."

"अन् आमच्या पूजीला एकशे चौऱ्याहत्तरच."

"हाव."

"किती दिवस?"

"कायमचं."

त्यांनी पोलिसांच्या कागदावरच्या नंबरावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्याचा एक कागद काढून देता का? तिच्या आईला दाखवतो." मी प्रिंट काढून दिली. त्यांनी ती पोलिसांच्या कागदाबरोबर पॉलिथिनमध्ये घातली, पिशवीत ठेवली, पायात चपला अडकवल्या. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"सायेब, एक इनंती हाय. समदं बदलू द्या. पर तिचा नंबर तेवढा कुणी बदलू नये."

"न्हाई बदलणार," साहेब म्हणाले. "मी हाय की इथं."